वैजनाथचा खलनायक

शेवगावात माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाला खेटून वैजनाथचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगवर त्याचं पोट चालतं, पण जीव सगळा सिनेमाच्या कथेत. कथा एकच. मुक्ता नावाची बाई नवरा वारल्यावर माहेरी येते आणि बापाच्या जमिनीत आपला हिस्सा मागते. ही कथा मी इतक्यांदा ऐकलीय की मुक्ता आमच्याच गल्लीत राहते असं वाटायला लागलंय. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. त्यालाही आला असावा, पण सोडवत नाही.

मुक्ता चांगली जमली होती. घोडं अडायचं ते खलनायकापाशी. वैजनाथची खोड अशी की लिहिलेलं त्याच्या पोटात राहत नाही. पासपोर्ट फोटोला कोण आलं की बसवून ऐकवायचं. पहिल्यांदा मुक्ताचा हिस्सा सरपंच अडवत होता. ते सरपंचाच्या पुतण्याने ऐकलं आणि त्यांच्या घरच्या लग्नाचं काम दुसऱ्याला गेलं. मग कारखान्याचा संचालक आणला. तर एका संचालकाच्या ड्रायव्हरने याच्या खांद्यावर हात टाकून 'जपून लिहा, पाव्हणं' एवढंच सांगितलं. सावकार आणला, तर त्याला दिलेल्या आडनावाची चार माणसं स्टुडिओत येऊन बसली. दरवेळी हा खोडत गेला. आडनाव गेलं, गाव गेलं, हुद्दा गेला. शेवटी कोणालाच लागणार नाही असा एकच खलनायक उरला, तो म्हणजे दुष्काळ. दुष्काळाच्या घरात लग्न नसतं आणि त्याला निवडणूकही लढवायची नसते.

यंदा ओंकार नावाच्या पोराची ओळख निघाली. मूळचा इकडच्याच बेलापूरचा, आता पुण्यात सिनेमे काढतो. त्याला आपल्या भागातली कथा पाहिजे होती. वैजनाथने फोन स्पीकरवर ठेवला आणि मला हाक मारली.

"काका, आख्खी कथा नको," ओंकार म्हणाला. "वन लाइन पाठवा. एकाच वाक्यात सगळा सिनेमा. कोण आहे, तिला काय पाहिजे आणि आडवं कोण येतंय."

वैजनाथ ते वाक्य घोटत बसला. लग्नात नवरीच्या मागे कॅमेरा घेऊन पळतानासुद्धा त्याचे ओठ हलत असत. शेवटी पाठवलं, 'एक बाई आपल्या हिश्श्यासाठी दुष्काळाशी झुंजते.' ओंकारचा लगेच फोन आला.

"काका, दुष्काळ हिस्सा कसा अडवील? त्याला काही नकोच असतं. जो अडवतो त्याला काहीतरी पाहिजे असतं, आणि त्याच्या जागी तो बरोबर असतो. तसा माणूस द्या. सोमवारपर्यंत वाट बघतो, नाहीतर दुसरी कथा माझ्यासमोर आहे."

वैजनाथ माझ्या दुकानात जळक्या मोटारींच्या ढिगाशेजारी येऊन बसला. केस पिकले, गुडघे गेले, आणि आता कुठे दार किलकिलं झालं होतं. हे गेलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. "तलाठी घेऊ का रे?" त्याने विचारलं. मी तांब्याची तार गुंडाळत होतो, ती मध्येच तुटली आणि माझं डोकं फिरलं.

"आरं तलाठी कशाला मरायला येतोय! बहिनीचा हिस्सा कोन अडवतंय आपल्याकडं? भाऊ अडवतो, दुसरं कोन?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. वैजनाथला पंकजा नावाची सख्खी बहीण आहे. त्यांचे वडील गेले तेव्हा वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं. मग आपल्याकडे सगळ्या बहिणी करतात तेच तिने केलं. कोपरगावहून एसटीने आली, कचेरीत हक्कसोडीवर सही केली, बाहेर येऊन आमच्याबरोबर भेळ खाल्ली आणि पोरांसाठी थोडी बांधून घेतली. वैजनाथने साडी घेतली होती. कोणी कोणाला फसवलं नाही, कोणाचा आवाज चढला नाही. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, एवढं सगळ्यांना न सांगता कळतं. आज तिचा नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलाय आणि ती ब्लाउज शिवून घर चालवते.

वैजनाथ उठून गेला. सोमवारी सकाळी त्याने मला मोबाईल दाखवला. वाक्य पाठवलं होतं: 'नवरा गेल्यावर हिस्सा मागायला माहेरी आलेल्या मुक्ताच्या आड तिच्यावर जीव टाकणारा सख्खा भाऊच उभा राहतो.' खाली ओंकारचं उत्तर: 'काका, हा माणूस जमला! आता शेवट सांगा. भाऊ जमीन देतो का?'

"काय लिहू?" वैजनाथने विचारलं.

"लिहितो कशाला? देऊन टाक," मी म्हणालो.

तो चिडला नाही. चिडायलाही अंगात जोर लागतो. खाली बघत हळूहळू बोलत राहिला. "मी काय तिचं वाईट चिंतितो का? आमच्या करणला पोरगी बघतोय. पोरीकडचे आधी जमीन किती ते इचारत्यात, मग पोरगं बघत्यात. हाय ती दोन एकर. त्यातलं अर्धं दिलं तर माझ्या पोराला पोरगी कोन देईल? आन् तिला काय कमी केलं मी? दोन्ही बाळंतपनं हितं केली. दाजी पडले तवा दवाखान्यात मीच बसल्तो. साडी कधी चुकवली न्हाई. तिनं मागितलं असतं तर न्हाई म्हनलो असतो का? तिनं मागितलंच न्हाई."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून आलेला हा सगळ्यात चांगला संवाद होता. ओंकारने सांगितला तसा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि मला त्याचा राग येत होता न् कीवही येत होती.

"हेच लिही," मी म्हणालो. "जसंच्या तसं."

त्याने लिहिलं. शेवट म्हणून दोनच शब्द घातले, 'देत नाही.' ओंकारला तो फारच आवडला. खरा शेवट आहे, म्हणाला. पुढच्या महिन्यात तो माणसं घेऊन शेवगावात जागा बघायला येणार आहे. आख्खा बाजार वैजनाथला येऊन भेटून गेला, सरपंचाचा पुतण्यासुद्धा. वैजनाथ सगळ्यांना चहा सांगत होता, पण स्वतःचा कप तसाच गार होत होता.

संध्याकाळी त्याने पंकजाला फोन लावला. मी शेजारीच होतो. बातमी ऐकून ती एवढ्या जोरात हसली की स्पीकर नसतानाही मला ऐकू आलं. मग त्याने स्पीकर लावला. गोष्ट काय हाय, तिने विचारलं. बहीण हिस्सा मागते, भाऊ अडवतो, असं त्याने सांगितलं.

ती म्हणाली, "आन् दादा, शेवटी देतो का भाऊ?"

वैजनाथने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"देतो ना," तो म्हणाला. "देतो."

"बरं केलंस. बगनाऱ्याला बरं वाटंल."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्टुडिओच्या पायरीवर बसून होता. चांगल्या चार शिव्या घालाव्यात म्हणून मी त्याच्यापाशी गेलो, पण माझ्याच्याने तेवढंही झालं नाही. मी शेजारी टेकलो.

"दिवाळीला येतीय," तो म्हणाला. "साडी कोनती घ्यावी रे औंदा?"