इंजिन चालू ठेवून घातलेलं गाऱ्हाणं

गावच्या राखणदार देवाच्या घुमटीसमोर गाडी थांबायची. इंजिन चालूच ठेवून भाई उतरायचे आणि हात जोडायचे. "बा म्हाराजा! ही गाडी तुझ्या पायाकडसून भायर पडता हा. जाताना सुखरूप ने, येताना सुखरूप हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाडीत बसलेले आम्ही तिघे म्हणायचो.

कारापुराहून पणजीच्या कचेरीत आम्ही शेजारी भाईंच्या गाडीतून जायचो. भाई मूळचे सावंतवाडीकडचे, आमच्याहून वयाने मोठे. गाऱ्हाण्यात साऱ्या देवांची नावं यायची आणि तोवर इंजिन पेट्रोल पीत राहायचं.

"भाई, बंद तरी करात."

"आणि मगे चालू झाली नाय तर ढकलतलंस तू?"

दसऱ्याला गाडीवर झेंडूची माळ चढायची. गॅरेजचं तोंड मात्र तिने पाहिलं नव्हतं. "देवाच्या राखणीतली गाडी ती. तिका कसलो रोग?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला रोज शेजारी बसावं लागे.

लिटरला अठरा किलोमीटर देणारी गाडी तेरावर आली. टायर दबलेले दिसत होते. उतारावर गिअर काढला तरी ती आपणहून सरकेना. पणजीत उतरल्यावर मी मागच्या चाकाजवळ हात नेला, तर धग लागली.

"भाई, ब्रेक सुटना, चाकाक धरून रावता. चाकां ओडून व्हरतात तुमी. पेट्रोल थंय जळता."

"तुझो हिशेब तुझ्या हापिसात ठेव. पंपार चोरतत ते!"

पंपावर पेट्रोल भरायला एक बाई होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर. एका सकाळी भाईंनी तिला भर रांगेत चोर म्हटलं. ती काही न बोलता पाच लिटरचं माप घेऊन आली. "काका, तुमच्या डोळ्यांफुडे भरता. पळयात." पेट्रोल बरोबर रेषेला लागलं. मी वाकून पाहिलं आणि मोठ्याने तसं सांगितलंही.

"मापच खोटा तुमचा!" भाई ओरडले.

त्यांनी मालकाकडे तक्रार केली. मीही मालकाला जाऊन माप बरोबर असल्याचं सांगितलं, पण त्याला कटकट नको होती. बाईला घरी पाठवलं.

त्याच आठवड्यात डिचोलीच्या बाजारात गाडीचं मागचं चाक जाम झालं. मेकॅनिकने ब्रेक उघडून दुरुस्त केला, टायरांत हवा भरली. गाडी पुन्हा अठरा देऊ लागली, आणि तीही त्याच पंपाच्या पेट्रोलवर. भाई खूश. "बघितलंस? बायेक काडली आणि ॲव्हरेज इला!"

 तोंडात आलेली शिवी मी गिळली.

पण बाईची चूक नव्हती हे भाईंना मनातून कळलं होतं. काही दिवसांनी गाऱ्हाण्याच्या शेवटी त्यांचा आवाज खाली आला. "आणि माझ्या हातसून कोणाचा वायट झाला आसात, तर पदरात घे, म्हाराजा." मागचे दोघे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मी ओठ मिटूनच बसलो.

"देवाक कित्याक सांगतात? तिच्याकडे वचून सांगात. मालकाक सांगात."

"सांगतंय रे. फुडल्या आयतवारी."

असे किती आयतवार गेले. ती बाई डिचोलीच्या बाजारात भाजी घेऊन बसू लागली. एकदा मला पाहून म्हणाली, "काकांची गाडी आता बरी चलता मां?" उत्तर माझ्याकडे होतं, पण ते द्यायचं काम भाईंचं होतं. मी तिचा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्या कानावर घातला.  संध्याकाळी ते माझ्या पायरीवर एक मोठा फणस ठेवून गेले. माझ्या पायरीवर! मला कशाला फणस?

यंदा मे महिन्यात भाई झोपेतच गेले.

आता आम्ही तिघे माझ्या गाडीतून जातो. पहिल्या सकाळी घुमटीसमोर पाय आपसूक ब्रेकवर गेला. मागचे दोघे माझ्याकडे बघत राहिले. मी इंजिन बंद केलं. त्या जागेची शांतता आम्ही कधी ऐकलीच नव्हती. मी उतरलो आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, भाई तुझ्याकडे इले आसतले. त्यांका इतक्यात आत घेव नको. आदी त्या बायेकडे धाड, म्हाराजा!"

मागचे दोघेही गाडीतून उतरले. हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा."