चाचणीची पट्टी

ईसीजीच्या खोलीबाहेर, उघड्या दारासमोर मी माझ्या नंबरची वाट पाहत बसले होते. मशीन बिघडलं होतं. दुरुस्तीला आलेल्या मुलीने त्याचं झाकण उघडलं, आतली एक वायर बदलली आणि झाकण बसवलं. मग हातातलं घड्याळ काढून ठेवलं आणि मशीनचे चिमटे स्वतःच्याच मनगटांना नि घोट्यांना लावले. कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यावं तसे तिने स्वतःचे ठोके पाहिले.

मी जन्मभर फळ्यावर लाल-निळ्या खडूंनी हृदय काढलं. लहानपणी घरातला रेडिओ खोलून पुन्हा जोडायचे. बारावीला डॉक्टरकी थोड्या मार्कांनी हुकली, तेव्हा इस्पितळाला एकच दार असतं असं घरच्यांनी धरलं आणि मीही धरलं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊनही आत जाता येतं, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. शिकवण्यात मी रमले, खोटं कशाला बोलू. पण मुलांना हृदयाचे कप्पे समजावताना मला नेहमी वाटायचं, हे एकदा चालू असताना पाहायला हवं होतं.

ती सामान आवरत होती. मी विचारलं, "यासाठी काय शिकावं लागतं गं?"

"मुलीसाठी विचारताय का, काकू?"

"हो."

तिने ती पट्टी फाडली आणि मागच्या कोऱ्या बाजूला अभ्यासक्रमाचं नाव लिहून दिलं. "बारावीनंतर लगेच घे म्हणावं प्रवेश. उशीर नको."

पट्टी अजून माझ्या पर्समध्ये आहे. मला मुलगी नाही.