दोन शिंगांचा अडॅप्टर

दुकानदाराने दोन वायफाय अडॅप्टर समोर ठेवले. एक नखाएवढा, दुसरा दोन अँटेनांचा. "अहो, छोटाच घ्या, लावलाय ते दिसतसुद्धा नाही," बायको म्हणाली. पण आमचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, आणि राउटर पार हॉलमध्ये. परदेशातल्या लेकीचा चेहरा स्क्रीनवर नेहमी अर्ध्या हसण्यात अडकायचा. मी हट्टाने शिंगवालाच घेतला. लांबचं ऐकायचं असेल तर कान बाहेर काढायला लाजून कसं चालेल?

घरी बायकोने स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर कॉम्प्युटरवर चढवून पाहिलं. शिंगं आडवी आली. ती फुरंगटली.

संध्याकाळी लेक स्क्रीनवर आली आणि कुठेही न अडकता खळखळून हसली. बायको उठली, कात्री घेऊन आली आणि त्या कव्हरचे टाके उसवून तिने शिंगांना वाट करून दिली.