बर्फ न घातलेला डबा: जव्हार, पोशेरा आणि परत

सगळं बदललं ते मी प्रयोगशाळेचं दार आपटलं तेव्हा. सायलीचे हात हुडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचेच्या कपाटात, पेशींच्या बशीवर होते. हिसक्याने हुडमधला वारा ढवळला आणि तिने कित्येक आठवडे वाढवलेल्या पेशींना बुरशी लागली. आमच्या गाइड सरांशी भांडण माझं, भुर्दंड तिला. माझी एम.एस्सी. तिथेच सुटली. वर्षभराने तिचा फोन आला, "गाडीवाला आयत्या वेळी फिरला. पोशेऱ्याहून रक्ताचे नमुने आणायचेत. बाइक आहे ना अजून?"

मी एक दिवस आधीच निघालो. नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. टाकी नाशिकलाच भरा. जव्हारला साधी खोली स्वस्तात मिळते. नागलीची भाकरी मात्र मागून घ्या, नाहीतर चपात्या वाढतात.

दुपारी दाभोसा. खाली उतरायची वाट निसरडी आहे, बूट चांगले हवेत. हा धबधबा आम्ही दोघांनी बघायचा होता. पण दर रविवारी पेशींना खाऊ घालायचं निघायचं! ती लालसर द्रव बदलायची, मी झाकणांवर तारखा घालायचो, डब्यातले पोहे अर्धे अर्धे. तेव्हा चिडायचो. आता समोर एवढं पाणी कोसळत होतं आणि मला ते रविवार हवे होते.

सकाळी पोशेऱ्यात अंगणवाडीच्या ओट्यावर नर्सबाई रक्त घेत होत्या आणि पहाटेच्या एसटीने आलेली सायली बायांना समजावत होती. पेशीत बारीक चुली असतात, त्यांतली बिघडलेली प्रथिनं वेळच्या वेळी काढावी लागतात.

"राख नाय काढली तं धूर होल ना, बाय," एक मावशी म्हणाली.

"तेच! तो धूर रक्तातल्या राखणदार पेशींना कळतो का, ते बघायचंय."

"कळल नाय तं काय! माझे घरचा धूर शेजारणीला आधी कळतो." सगळ्या हसल्या. मावशीने माझ्याकडे हनुवटी उडवली. "ह्यो नवरा का?"

"नाही मावशी, ड्रायव्हर."

परतताना बाइकवर नमुन्यांचा डबा आम्हा दोघांच्या मधे. संध्याकाळच्या आत पोचलो नाही तर पेशी मरणार. "पुन्हा सुई घेऊन त्या बायांसमोर कुठल्या तोंडाने जाऊ?" ती म्हणाली.

घाटात चहाला थांबलो. आल्याचा, झकास. सायलीने आतलं तापमान बघायला झाकण उघडलं, तेवढ्यात टपरीवाल्या काकांनी प्रेमाने बर्फाचा खडा आत टाकला. "मासळी हाय ना? सडल."

"अहो, अक्कल आहे का?" मी ओरडलो.

सायलीने खडा उचलून फेकला, ओढणीने नळ्या पुसल्या. "काका, हे गारठलं तर मरतं." मग माझ्याकडे बघून, "आणि तापलं तरी."

पुढे त्र्यंबकपर्यंत मी एकेक खड्डा चुकवत गाडी चालवली.

नाशिकला पोचलो तेव्हा ऊन होतं अजून. सर नव्हते. "आत ये," ती म्हणाली. रक्त यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या होईपर्यंत मी माझ्या जुन्या स्टुलावर बसलो. त्याचा एक पाय अजून डुगडुगतोच. मग तिने सूक्ष्मदर्शकावर बोट ठेवलं. "बघ." काळोखात हिरवे ठिपके लुकलुकत होते. जिवंत.

वर्षभर घोकलेलं माफीचं वाक्य ओठांवर आलं. पण तिचे हात परत हुडमध्ये गेले होते, आणि तेव्हा बोलायचं नाही हा आमचाच नियम. पाठीला अजून डब्याची कड जाणवत होती. एवढंच घरी न्यायचं, असं मनाशी म्हणून मी उठलो.

"दार," ती न वळता म्हणाली.

"माहितीये."

बाहेर आलो. दाराची मूठ धरून ठेवली आणि आवाज न करता ते लावलं.