बर्फातला फोम

आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या देवीचा चांदीचा मुखवटा वर्षभर पाटलांच्या देव्हाऱ्यात असायचा. चैत्रात तो जुन्या लुगड्यात गुंडाळून, ट्रंकेत घालून टेम्पोने डोंगराच्या पायथ्याशी न्यायचा, तिथे पालखीत बसवायचा आणि मग खांद्यावरून वर. एका वर्षी शीळफाट्याच्या खड्ड्यांनी डाव साधला. ट्रंक उघडली तर मुकुटाचं टोक वाकलेलं. अख्खा गाव हळहळला.

पुढे गावकीच्या बैठकीत कोणीतरी माझ्या बाबांना टोमणा मारला, की पोरीला मशिनी शिकवल्यास ना, मग तिलाच सांग देवीला पेटी करायला. बाबा आणि मी एकाच मातीचे, नाकावर राग. ते उठून म्हणाले, माझी पोर पेटी करील, आणि मुखवट्याला ओरखडा जरी आला तरी मी परत पालखीला खांदा देणार नाही. खांदा म्हणजे बाबांचा जीव. तरुणपणापासून पुढचा दांडा त्यांचाच. घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावर चांगलीच तडकले. पण आतून मला काय वाटत होतं ते माझं मलाच ठाऊक.

नव्वदीची अखेर होती. मी आयटीआय करून वागळे इस्टेटमध्ये पाट्यांची अक्षरं कापणाऱ्या सीएनसी राऊटर मशीनवर कामाला होते. तिथली एकटी बाई. लाकूड म्हणा, अ‍ॅक्रिलिक म्हणा, मी कापलेल्यात बोट ठेवायला जागा नसायची, हे मी छाती पुढे काढून सांगते. मुखवट्याचे पुठ्ठ्याचे साचे काढले, मुखवटा नेमका रुतून बसेल अशी खाच कॉम्प्युटरवर आखली, मालकांकडून रविवारची मशीन मागून घेतली आणि मऊ फोमचा जाड ठोकळा टेबलावर चढवला.

कसलं काय. कटर फिरला की फोम त्याच्या मागे ओढला जायचा, ताणायचा आणि फाटायचा. सावकाश चालवलं तर कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, जोरात चालवलं तर ठोकळाच जागचा हलायचा. मालक म्हणाले, सोड, हे आपल्या मशीनचं काम नाही. मी तणतणत मशीन बंद केली.

त्याच रागात घरी येऊन बोंबील कापायला बसले. बर्फातून काढलेले पहिले बोंबील विळीवर सपासप उतरले. तळाचे तोवर लिबलिबीत झालेले, ते नुसते चेचायला लागले. माझा हात तिथेच थांबला. अगं बाई, फोम तरी काय वेगळा आहे?

मग ठोकळा पाण्यात भिजवला, काकांच्या बर्फाच्या गोदामात दगडासारखा गोठवला आणि पुढच्या रविवारी गोणपाटात गुंडाळून रिक्षाने कारखान्यात नेला. टेबलावर प्लास्टिक अंथरलं, कोरा धारदार कटर लावला आणि बर्फ वितळायच्या आत भराभर कापून काढलं. पांढरा भुगा उडत होता आणि खाली खाच उमटत होती. नाक, गाल, मुकुटाचं टोक न् टोक. कडेवरून बोट फिरवलं तर कुठेही लव नाही. मी मशीनला चक्क नमस्कार केला.

फोम गच्चीवर वाळवला, सागवानी पेटीत बसवला. मालक आठवडाभर कुरकुरत होते, की कारखान्यात मासळीबाजाराचा वास येतोय. मी फणकारले, कसला वास? घरात सगळ्यांना हुंगायला लावलं. आई, काका, बाबा, कोणालाच काही कळेना. काकांच्या गोदामात मासळी ठेवतात आणि आमची नाकं मासळीतच वाढलेली, हे डोक्यातच आलं नाही.

कळलं ते थेट डोंगराच्या पायथ्याशी. सगळ्या गावासमोर पेटी उघडली आणि तिथल्या पुजाऱ्याने नाकाला उपरणं लावलं. बाबा पालखीपासून दूर, हाताची घडी घालून उभे होते. पाटील वाकले. त्यांनी मुखवटा उचलला, उन्हात धरून सगळीकडून न्याहाळला. ओरखडासुद्धा नव्हता. मग पेटीत तोंड घालून त्यांनी वास घेतला आणि हसले.

"आपलाच वास हाय. आई घरच्या वासात आली."

लोक हसले, मुखवटा पालखीत बसला, देवीचा जयजयकार झाला. बाबा पुढे आले, नेहमीसारखा दांड्याला हात लावला, उचलला आणि माझ्यापुढे धरला. आमच्यात तोवर बाईने खांदा दिलेला नव्हता. मी पाटलांकडे बघितलं, तर ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"बगतंस काय? लाव खांदा," बाबा म्हणाले.

दांड्याचा वळ बरेच दिवस खांद्यावर होता. मी तो शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला.