सोळा सळया, सोळा बाटल्या

प्रत्येक घरात जिन्याखाली एक कोपरा असतो. तिथे अर्धे उरलेले रंगाचे डबे असतात. झाकणं घट्ट बसलेली, आत कुठला रंग आहे ते कुणालाच आठवत नाही, आणि फेकायला मन होत नाही. किस्स्यांचंही तसंच होतं. जी माणसं बोलतात ती आपले किस्से वापरून संपवतात. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाच्या जिन्याखाली मात्र डब्यांवर डबे चढत जातात.

पिपरी मेघेच्या या घरात येऊन मला वर्ष होत आलं. मैत्रिणी फोनवर विचारतात, "सासरी काय चालू आहे?" मी म्हणते, "घराचं काम." त्यांना वाटतं मी टाळते. पण खरंच आमच्याकडे बारा महिने घराचं कुठलं ना कुठलं काम चालू असतं. एक काम सोडून.

* * *

सुरुवात माझ्या लग्नापासूनच करते. जेवणं आटोपली होती आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, नव्या कोऱ्या सफारीत टेबलाटेबलांवरून रिकाम्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते!

माझे बाबा पुलगावजवळच्या नाचणगावहून वऱ्हाड घेऊन आलेले. मुलीकडची बाजू, आधीच टेन्शनमध्ये. त्यांना वाटलं पाणी कमी पडलं. धावतच गेले.

"व्याही, काही कमी पडलं काय?"

"नाई नाई. सोळा झाल्या का ते पाहून राह्यलो."

"सोळा कशाले?"

"वरच्या मजल्यासाठी."

बाबांचा चेहरा असा फुलला! आईला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीचं घर दुमजली होऊन राह्यलं!" आईनं ते घरी पोचायच्या आत अर्ध्या पुलगावात सांगून टाकलं.

* * *

तिसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. इथे गच्चीला सगळे स्लॅबच म्हणतात. स्लॅबवर चार खांबांची चार डोकी, प्रत्येकातून चार-चार सळया उभ्या, पुरुषभर उंच. आणि सोळाही सळयांवर माझ्या लग्नातल्या बाटल्या, उलट्या घातलेल्या. काही बाटल्यांवर हळदीची बोटं तशीच उठलेली होती.

खालून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचे गुडघे दुखतात, त्या वर येत नाहीत. "पोरी, तिकडच्या दोरीवर टाकजो व! मोठ्यानं बांधली हाये ते. ढिल्ली नाई होत."

मोठा म्हणजे माझ्या नवऱ्याचा, सुमेधचा, मोठा भाऊ. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या रोडवर ट्रकखाली गेला. मी त्याला फोटोतच पाहिलेलं.

एवढं मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं. म्हणून चहाच्या वेळी, सुनेनं काहीतरी बोलावं म्हणून, मी आपलं विचारलं, "वरचं काम कधी सुरू होणार आहे?"

सुमेध कपात पाहायला लागला. आई, म्हणजे सासूबाई, उठून गॅस बंद करायला गेल्या. गॅस बंदच होता.

मामाजी म्हणाले, "पुढच्या वर्षी."

मग खोलीत आल्यावर सुमेधनं सांगितलं. खाली लहाना, वर मोठा, असं ठरलेलं होतं. विटासुद्धा सांगून झाल्या होत्या. त्यानंतर कुणी विटांचं नाव काढलं नाही. मामाजी मात्र दर हिवाळ्यात सळयांना रेड ऑक्साइड मारतात, बाटल्या बदलतात. गंज चढू नये म्हणून.

सासरी आल्यावर मी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न! त्यानंतर माझं कमी बोलणं सगळ्यांना फार आवडायला लागलं.

* * *

मामाजी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. रिटायर झाले, पण शेड्यूल सुटलं नाही. दर जानेवारीत जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घराच्या बाहेरच्या कामांची यादी लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावतात. उन्हाळा: रंग, जयंतीच्या आत. कूलरचं गवत. पावसाळ्याआधी: स्लॅब झाडणे, पाइपातला पाला, गेटच्या बिजागऱ्यांना तेल. हिवाळा: कंपाउंडच्या भेगा, सळयांना ऑक्साइड. आणि सगळ्यात खाली, दर वर्षी, एकच ओळ. "वरचा मजला: पुढच्या वर्षी."

यंदा म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे म्हणते सुमेध. तू उतरव."

मी मन लावून उतरवली. ठळक, टपोरी, खाली रेघा मारून. आणि शेवटची ओळ यायच्या आत कागद संपला. शप्पथ सांगते, मुद्दाम नाही. मला अंदाजच नाही आला.

मामाजींनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. खालच्या कडेशी थांबले. मी तोंडातल्या तोंडात माफी जुळवत होते, तर म्हणाले, "मस्त अक्षर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीच्या खाली कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर त्यांच्या अक्षरात ती ओळ.

"या वर्षीचं कॅलेंडरच लहान आलं," ते म्हणाले. माझी बाजू घेऊन!

* * *

आमचं घर एप्रिलातल्या जयंतीला रंगतं, बाजूच्या भोयरकाकूंचं दिवाळीला. त्यामुळे दोन घरांत एकच शिडी आहे आणि इतक्या वर्षांत तिच्यावरून भांडण झालेलं नाही.

मार्चमध्ये मामाजींनी पेंटरकडून शेडकार्ड मागवलं. तीन दिवस संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून एकेक शेड उन्हात धरून पाहिली. भोयरकाकू कंपाउंडवरून सल्ला देत होत्या, "आमच्यासारखा आंब्याचा घ्या न, दुरून दिसते!" चौथ्या दिवशी मामाजींनी बोट ठेवलं. पांढरा. खाली निळी पट्टी. दर वर्षीसारखा.

पेंटर वैतागला. "काका, हेच कराचं होतं तं कार्ड कशाले मांगतलं?"

मामाजी म्हणाले, "बाकीचे नाई पाह्यजे, हे पाह्यल्याशिवाय कसं समजंन?"

रंग झाला, शिडी काढली, घर फुलासारखं दिसत होतं. भोयरकाकू वर पाहत म्हणाल्या, "भाऊ, एवढं सुंदर केलं, त्या सळया तेवढ्या कापून टाका आता. शोभा जाते."

मामाजी शिडी उचलून त्यांच्या अंगणात ठेवून आले. "दिवाळीले लागंन तुम्हाले," एवढंच म्हणाले. एप्रिल चालू होता.

* * *

जुलैत आमच्या खोलीच्या छतावर एक डाग उठला. आधी बशीएवढा, मग परातीएवढा.

मामाजींनी अल्लीपूरच्या देवराव मिस्त्रीला बोलावलं. हा त्यांचा जुना मिस्त्री, स्लॅब त्यानंच टाकलेला. त्यानं वर जाऊन दोन मिनिटं पाहिलं आणि खाली येऊन सांगितलं, "सळईतून मुरून राह्यलं पाणी. खांबाच्या डोक्यातून उतरते ते."

"टाकी पाह्य," मामाजी म्हणाले.

त्यानं टाकी हलवली. डाग तसाच.

"सळईतूनच येऊन राह्यलं, काका."

"पाइप पाह्य."

त्यानं पाइप बदलला. मग वरून केमिकल मारलं, दोनदा. मिस्त्रीनं आमच्या घराचं सगळं बदललं, फक्त आपलं म्हणणं बदललं नाही. आणि आम्ही चौघंही ते ऐकत होतो, जसं रेडिओवर दुसऱ्या गावचं हवामान ऐकतात.

शेवटी मी सुमेधला म्हटलं, "तुम्ही बोलून पाहा ना एकदा."

तो डागाकडे पाहत म्हणाला, "मी बोललो तं कसं वाटंन? वरचं कापून टाका म्हणजे काय, सारं घर मलेच पाह्यजे, असंच न?"

मला ते सुचलंच नव्हतं. कापायला सांगायचं तर ज्याचा मजला त्यानंच सांगायला हवं होतं.

* * *

ऑगस्टात एके दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, मी भाकरी टाकत होते आणि खोलीतून धप्प आवाज आला. छताचा पोपडा पडला होता. पोपडा कसला, दोन हातांनी उचलावा लागेल असा प्लास्टरचा तुकडा! पडला तो बरोबर माझ्या उशीवर. वर दोन सळया उघड्या पडलेल्या, गंजून काळ्या.

मामाजी धावत आले. त्यांनी तुकडा उचलला नाही. उशी उचलली. झटकली. पुन्हा झटकली. मग ती घेऊन तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "मामाजी, मी इथे नव्हतेच. मी स्वयंपाकघरात होते."

"होतीस न स्वयंपाकघरात?" त्यांनी विचारलं. मी समोर उभी होते तरी.

त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी दाराची यादी काढली, हिवाळ्याच्या खाली एक ओळ लिहिली आणि परत लावली. आम्ही एकेक करून पाणी प्यायला जाऊन वाचून आलो. "सळया कापणे. दिवाळीनंतर."

खालची पट्टी त्यांनी काढली नव्हती.

* * *

दिवाळी झाली, भोयरकाकूंचं घर पुन्हा आंब्याचं झालं, शिडी आमच्याकडे आली. मिस्त्री माप घ्यायला आला तेव्हा आई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवराव, सारंच नोको कापू. थोडंसं ठेवजो. हातभर."

मिस्त्री त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "काकू, थोडं ठेवलं तं थोडं पाणी येते."

आईंनी ताटातले चार खडे बाजूला काढले. मग म्हणाल्या, "बरं."

थोड्या वेळानं माझ्याकडे वळून, "दोरी तं सोडून आणजो पोरी. कापू नोको."

* * *

आता शेवटचा किस्सा. गेल्या आठवड्यातलाच आहे.

मिस्त्री सकाळी नऊला आला. अल्लीपूरहून, कापायची मशीन मोटरसायकलच्या मागे बांधून. मी आणि सुमेध आधीच वर होतो, सळयांना बांधलेली ती दोरी सोडत. मोठ्याची गाठ काही केल्या सुटेना. सुमेधनं दातांनी ओढली, तेव्हा कुठे ढिली झाली. मी दोरी गुंडाळून आईंना नेऊन दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

मामाजी वर आले. एकेक बाटली काढून माझ्या हातात द्यायला लागले. ऊन-पावसानं त्या पिवळ्या पडल्या होत्या, हळदीची बोटं कधीच धुऊन गेली होती. सोळा झाल्या. मिस्त्रीनं बोर्डात पिन घातली, चष्मा लावला आणि पहिल्या सळईला हात घातला.

"थांब," मामाजी म्हणाले.

ते खाली गेले. आम्हाला जिन्याखालून डबे सरकवल्याचा आवाज येत होता. सुमेध माझ्याकडे पाहत होता, मी मिस्त्रीकडे. वर आले तेव्हा त्यांच्या एका हातात रेड ऑक्साइडचा डबा होता आणि दुसऱ्यात दोन इंची ब्रश.

त्यांनी झाकण उघडलं, काडीनं ढवळलं आणि पहिल्या खांबापासून सुरुवात केली. वरून खाली, चारी बाजूंनी, कुठे सुटलं का ते वाकून पाहत. वरचं टोक नीट दिसेना तेव्हा सुमेधनं भोयरकाकूंच्या इथून आलेली शिडी आणून धरली. खालून आईंनी एकदा विचारलं, "काय चालू हाये व?" मी सांगितलं, "मामाजी रंग देऊन राह्यले." त्या म्हणाल्या, "हो, यादीत हाये न ते."

सोळाही सळया झाल्या. दोन तास लागले. मिस्त्री पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून होता, चहा दिला तोही त्यानं हळूच प्यायला.

मामाजींनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, कपड्याला पुसला आणि डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवलं.

"वाळू दे," ते म्हणाले. "उद्या काप."

मिस्त्री उठला. सळईला एक बोट लावून पाहिलं. लाल झालेलं बोट आम्हाला दाखवलं आणि मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

"ओलाच आहे, काका," तो म्हणाला. "उद्या येतो."