पाहुण्या वाफ्यातलं सत्तेचाळीस

व्यक्तीचे वर्णन : स्त्री. वय वर्षे एकोणसत्तर. बांधा सडपातळ, चष्मा दुहेरी भिंगाचा. व्यवसाय : सेवानिवृत्त कंपाउंडर. एकाच दवाखान्यात एकतीस वर्षे औषधे भरून देण्याचा अनुभव. या काळात चुकीची बाटली चुकीच्या रोग्याच्या हाती गेल्याची एकही नोंद आढळत नाही. सांप्रत धारण केलेली पदे : आयरिसप्रेमी मंडळाच्या कार्यवाह, मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाच्या किल्लीधारक, वार्षिक प्रदर्शनातील बाटल्यांच्या प्रमुख आणि पाहुण्या वाफ्याच्या एकमेव व्यवस्थापक. वर्तणूक : निष्कलंक. सदर व्यक्तीने दोन वर्षांपूर्वी एका सकाळी भलतंच झाड जाळलं.

ज्यांनी आयरिसचं फूल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच : तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि लोंबत्या पाकळीच्या मधोमध एक केसाळ पट्टा, ज्याला मंडळाचे लोक गंभीर चेहऱ्याने दाढी म्हणतात. जमिनीत आल्यासारखा कंद. फूल तीन दिवस टिकतं. उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलण्यात जातं. त्यासाठी मंडळात प्रदर्शन आहे, कंदांची अदलाबदल आहे, परीक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी वर्ग आहे आणि त्या वर्गाची परीक्षासुद्धा आहे, जिच्यात दरवर्षी निम्मे नापास होतात. बाईंचा धाकटा भाऊ कुलपं दुरुस्त करतो आणि बाईंच्याच घरी राहतो. त्याचं मत असं, की तीन दिवसांची दाढी आणि वर्षभराची हजामत.

पाहुणा वाफा ही मात्र चेष्टेची गोष्ट नव्हती. गावोगावचे काही सभासद नवी झाडं घडवतात. चिमट्याने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे, बी धरायचं, पेरायचं, वर्षानुवर्षं थांबायचं, शेकड्यातून एखादं ठेवायचं. अशी झाडं नाव मिळण्याआधी, नुसत्या क्रमांकाने, बाईंच्या वाफ्यात तीन वर्षं पाहुणी येत, म्हणजे वार्षिक मेळाव्याला सगळ्यांना बघता येत. पाहुण्याचे पराग घ्यायचे नाहीत, बी धरायचं नाही, तुकडा कुणाला द्यायचा नाही. मुक्काम संपला की मालक पत्राने कळवणार : परत पाठवा, किंवा नष्ट करा. नष्ट करा म्हणजे मुळासकट उपटून, चिरून, पिंपात जाळा. कारण मंडळात सगळे सज्जन असले तरी कंद खिशात मावतो.

भूमितीचे सर तीन तासांवरच्या गावात राहत. त्यांनी एका बोंडातल्या दोन सख्ख्या बहिणी पाठवल्या होत्या. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीसचं फूल धुराच्या रंगाचं, दाढी तांब्याची. मेळाव्यात लोक त्याच्यासमोर गप्प झाले, मग आवाज खाली करून बोलले. अठ्ठेचाळीस पिवळट होतं, धुऊन धुऊन विरलेल्या फडक्यासारखं. सरांचं पत्र आलं : सत्तेचाळीस परत पाठवा, अठ्ठेचाळीस नष्ट करा. अठरा वर्षांच्या कामातलं हे एकच झाड जमलंय, असंही खाली लिहिलं होतं.

बाईंचा दवाखान्यापासूनचा नियम होता. वस्तू उचलताना चिठ्ठी वाचायची, हातावेगळी करताना पुन्हा वाचायची. त्या सकाळी बाई अठ्ठेचाळीस उपटायला वाफ्यात आल्या, तेव्हा भाऊ फाटकाचं कुलूप बसवत होता.

"ताई, एकतीस वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"ते कसं काय बुवा?"

बाईंनी सांगितलं. सविस्तर सांगितलं, हातात खुरपं घेऊन, चिठ्ठीकडे पाठ करून. नियम समजावून सांगण्यात एक तोटा असतो. तेवढा वेळ तो पाळता येत नाही.

तिसऱ्या दिवशी त्या सत्तेचाळीस बांधायला वाफ्यात गेल्या, तेव्हा जिवंत झाडाशेजारच्या पट्टीवर अठ्ठेचाळीस असं त्यांच्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. पिंपात राख होती. राखेला क्रमांक नसतो.

त्या घरी आल्या आणि माफीचं पत्र लिहायला बसल्या. तीन ओळी झाल्या होत्या, इतक्यात टपाल आलं. सरांचं होतं. त्यांच्याकडे ओल साठून कंद कुजले होते, सत्तेचाळीसचा एकही तुकडा वाचला नव्हता. "तुमच्याकडचा तेवढा उरला," त्यांनी लिहिलं होतं, "पण तुमच्याकडे आहे म्हणजे तिजोरीत आहे. मी निवांत झोपतो."

बाईंनी आपल्या तीन ओळी फाडल्या. मग वाफ्यात जाऊन अठ्ठेचाळीस उपटलं, पानं पंख्यासारखी छाटली आणि मंडळाच्या पद्धतीप्रमाणे पानावर काळ्या शाईने क्रमांक घातला. सत्तेचाळीस. आयरिसचे कंद सगळे सारखेच दिसतात. खोटं बोलायला याहून सोयीची वनस्पती नाही. फक्त ती केव्हातरी फुलते. तुकडा लहान असेल तर दोन वर्षांनी.

"सांगून टाक गं," भाऊ म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं. तो कुलूप बसवत होता.

"सांगणारच आहे."

"कधी?"

"आधी रुजू तर दे."

"काय रुजू दे? थाप?"

मंडळाचं एक फिरतं पाकीट होतं. सहा जुने सभासद, सहा गावं. पाकीट आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं पत्र काढायचं, नवं घालायचं आणि पुढच्याकडे पाठवायचं. एका फेरीला चार महिने लागत. पहिल्याच फेरीत सरांचं पत्र होतं : बाईंचा कंद रुजला, तीन पानं फुटली, आभार कोणत्या शब्दांत मानू. अध्यक्षांनी, जे दातांचे डॉक्टर होते, खाली भर घातली होती की अशी माणसं आता घडत नाहीत. बाकीच्यांनीही री ओढली. बाईंनी सगळं वाचलं, पाणी प्यायलं आणि आपल्या पत्रात मावा या किडीबद्दल दीड पान लिहिलं.

पुढच्या वसंतातल्या फेरीत सरांचं अक्षर जरा बारीक झालं होतं.

"एक चमत्कारिक गोष्ट. सत्तेचाळीसच्या पानांच्या बुडाशी जांभळी झाक होती, अशी नोंद माझ्या वहीत सात ठिकाणी आहे. बाईंनी पाठवलेल्या झाडाला ती झाक नाही. सात वेळा बघितलं. आता बाईंची चूक होणं तर शक्य नाही. तेव्हा वही चुकली असं धरून चालतो. म्हणजे मी चुकलो."

अध्यक्षांनी लिहिलं, वयोमानाप्रमाणे व्हायचंच, आपणही परवा निरोगी दात काढता काढता थांबलो. दुसऱ्या एकाने शब्दकोडी सोडवायला सांगितलं. बाई ते पान पुढ्यात घेऊन दुपारभर बसल्या. जेवताना भावाने विचारलं, "काय लिहिलंस?"

"यंदा मावा कमी आहे."

"बरं झालं. माव्याचा तरी जीव वाचला."

त्यांनी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. यानंतर त्यांना चिठ्ठ्यांचा धसका बसला. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची लेबलं त्यांनी भिंतीकडे फिरवून ठेवली. दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरीणबाई रस्त्यात भेटल्या आणि नेहमीसारखं, "नवीन मुलींना मी अजून तुमचं उदाहरण देते हो," म्हणाल्या, तेव्हा बाईंनी रस्ता ओलांडला, जिकडे त्यांना जायचं नव्हतं तिकडे. सांगायचं मनात रोज येई. पण झाकली मूठ जितकी जास्त दिवस झाकावी तितकी उघडायला जड. आधी ती चूक होती, मग लपवाछपवी झाली, आता तिच्यात पाच माणसांची स्तुती मिसळली होती.

दुसऱ्या वसंताच्या तोंडावर पाकीट पुन्हा आलं. सरांचं पत्र एकाच पानाचं होतं. एक नोंद खोटी निघाली तर बाकीच्यांचा काय भरवसा, असा विचार करून त्यांनी कंद कुजण्याआधी सत्तेचाळीसचं बी धरून केलेली दोनशे रोपं उपटून टाकली होती. त्यांचे आईबाप कोण हे आपण शपथेवर सांगू शकत नाही, तर मंडळाला फसवायचं कशाला? चिमटा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. "सूनबाई डॉक्टरांकडे नेणार आहे. स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळ काढायला सांगतात म्हणे. भूमितीच्या मास्तरला. असो. बाईंच्या झाडाला फुलाचा दांडा आला आहे, तेवढंच सुख."

भावाने ते पत्र बाईंच्या हातून घेतलं, उभ्याउभ्या वाचलं आणि या वेळी त्याने विनोद केला नाही.

"ताई, तू धडधाकट माणसाला खुळा ठरवलंस."

"मी एक अक्षर बोलले नाही."

"तेच म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या निघाल्या. तीन तास त्यांनी एकच वाक्य घोळवलं आणि त्याची सुरुवात अकरा वेळा बदलली. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "कुणी आजारी आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही, मुळीच नाही. तेच सांगायला चालले आहे."

दार सुनेने उघडलं. ती पडदे शिवायची, गळ्यात मोजपट्टी होती. बाईंचं नाव ऐकताच तिचा चेहरा उजळला, आणि बाईंना ते दार बंद झालं असतं तर बरं, असं वाटलं.

"अगंबाई, तुम्हीच! या ना. बाबा तुमचंच नाव घेत असतात. बघा जरा, तुमच्याशी तरी बोलतात का. बाहेर एकटं सोडत नाही आम्ही त्यांना हल्ली. उद्याची वेळ मिळालीय डॉक्टरांची."

सर मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. समोर मोकळी जमीन, उकरलेली, आणि तिच्या मधोमध एकच झाड. त्यावर एक फूल उमललेलं होतं. पिवळट.

"बाई! अगदी वेळेवर आलात," सर उठायला लागले. "काल उमललं. बघा. हे असं होतं तर." ते पुन्हा खुर्चीत टेकले. "माझ्या डोक्यात मात्र धुराचा रंग बसला होता. मला तर वाटत होतं, मेळाव्यात लोक गप्प झाले होते. काय एकेक मनाने रचतो माणूस."

बसमधलं वाक्य कुठेच नव्हतं.

"सर, हे अठ्ठेचाळीस आहे."

"काय?"

"हे सत्तेचाळीस नाही. अठ्ठेचाळीस आहे. मी पाठवलं. मुद्दाम, सत्तेचाळीस लिहून."

सर फुलाकडे बघत राहिले. मग परीक्षेला बसवल्यासारखे एकेक प्रश्न विचारायला लागले.

"बुडाशी जांभळी झाक होती?"

"होती."

"दाढी?"

"तांब्याची."

"आणि रंग धुराचा?"

"धुराचाच. लोक गप्पही झाले होते."

सर ताडकन उठले. "सूनबाई! अगं ए सूनबाई! उद्याची वेळ रद्द कर! माझं डोकं शाबूत आहे! सातच्या सात नोंदी बरोबर! या बाई सांगतायत, यांना विचार!"

सून धावत आली. सर हसत होते, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर आपटत होते. असा हसणारा माणूस त्या घरात दोन वर्षांत कुणी पाहिला नसावा, असं सुनेच्या तोंडावरून दिसत होतं. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांना कळत होतं की हे हसू फार वेळचं नाही. गणितात पुढची पायरी असते आणि समोरचा माणूस भूमितीचा होता.

"मग सत्तेचाळीस कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"जाळलं. त्याच आठवड्यात. चिठ्ठी न वाचता."

"सगळं?"

"सगळं."

सर सावकाश खाली बसले. उकरलेल्या जमिनीकडे पाहिलं, जिथे दोनशे रोपं होती. मोजपट्टी हातात गुंडाळत सुनेनेच विचारलं, "पण बाई, दोन वर्षं?"

एकतीस वर्षं त्यांना हा प्रश्न विचारायची कुणावर वेळच आली नव्हती.

"वही आण," सर सुनेला म्हणाले. वही आली. सातही ठिकाणच्या नोंदी लाल शाईने खोडलेल्या होत्या. त्यांनी ती बाईंच्या पुढ्यात ठेवली. "लिहा. तुमच्या अक्षरात. नोंद बरोबर होती. सातही ठिकाणी."

बाईंनी सातही ठिकाणी लिहिलं. पाचव्या नोंदीत दाढीचं टोक पिवळं असल्याचं होतं. ते नारिंगी होतं, असं बाईंना पक्कं आठवत होतं.

"सर, टोक नारिंगी..."

"पिवळं," सर म्हणाले.

बाईंनी पिवळं लिहिलं. शेवटच्या पानावर झाड कोणत्या तारखेला जाळलं आणि कोणी, हेही सरांनी सांगितल्यावरून लिहिलं, खाली सही केली. तेच सगळं फिरत्या पाकिटात घालायचं ठरलं. ठरलं म्हणजे सर बोलले आणि बाईंनी मान हलवली.

सरांनी सही वाचली, वही मिटून मांडीवर ठेवली. मग अंगणातल्या फुलाकडे बोट केलं.

"आता हे काढा."

"आत्ता? उमललंय हो, बाबा," सून म्हणाली.

"अठ्ठेचाळीस नष्ट करा, असं मी लेखी कळवलं होतं."

सुनेने खुरपं आणून दिलं. बाई गुडघ्यांवर बसल्या, पट्टीवरचा क्रमांक वाचला, सत्तेचाळीस, आणि खणायला लागल्या. दोन वर्षांत कंद चांगलाच फोफावला होता. पहिल्या दमात निघाला नाही.